भट्टीतलं मडकं आणि शेडमधली जीप

अमरावतीहून यवतमाळकडे निघालं की बडनेरा मागे पडतं आणि कपाशी-तुरीच्या काळ्या रानांतून रस्ता नांदगाव खंडेश्वरला येतो. गावाच्या नावाचा उत्तरार्ध ज्या देवळानं दिला, ते खंडेश्वराचं दगडी मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखलं जातं. इथल्या शिलालेखात शके 1177 हा काळ आहे, म्हणजे इसवी सन 1254-55. देवगिरीच्या गादीवर तेव्हा यादव कृष्ण होता. हेमाद्री पंडित मंत्री झाला तो त्याच्या नंतरच्या महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात. देऊळ आधीचं आणि त्याला चिकटलेलं नाव नंतरच्या माणसाचं. तरीही त्याला हेमाडपंती म्हणणारा गावकरी खोटं बोलत नाही. देवळाचा एखादा निखळलेला दगड बदलला म्हणून देव बदलला, असंही कोणी म्हणत नाही.

मग हाच न्याय एका जुन्या जीपला लावता येईल का?

समजा, याच गावात एका घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये महिंद्राची जीप उभी आहे. साठच्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी. महिंद्रानं 1947 पासून अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपा मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही दशकांत त्या वऱ्हाडातल्या पांदणीपर्यंत पोचल्या. सरकी, खत, वरातीतले पाहुणे, निवडणुकीतला भोंगा, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळं या गाडीनं वाहिलं. घरच्या बुढ्यानं ती घेतली, आयुष्यभर चालवली आणि तो गेल्यावर ती चार विटांवर उभी राहिली. वऱ्हाडात बापाला बुढा म्हणतात, त्यात अनादर नसतो. पोरगा अमरावतीला नोकरीला. त्यानं रविवारचे रविवार घालून जीप मोकळी करायला घेतली.

आधी इंजिन उतरवलं. सिलिंडर झिजून अंडाकृती झाला होता, म्हणून बोअर करून तीस थाऊ मोठे पिस्टन टाकले. क्रँक ग्राइंडिंगला दिली, बेअरिंगं नवी आली. कार्बोरेटर दुसऱ्या एका मेलेल्या जीपचा मिळाला. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसला. खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता, तो कापून नवा जोडला. गिअरबॉक्समधले दोन गिअर लेथवाल्याकडून करून घेतले. मागच्या वर्षी हुड बदललं, या वर्षी वायरिंग. तीन दिवाळ्या गेल्या. एक दिवस पानटपरीवर कुणीतरी विचारलं, "आता याच्यात बुढ्याचं काय राह्यलं गा?"

पोरगा म्हणाला, "काहून? बुढ्याचीच जीप हाय हे."

टपरीवरच्या त्या प्रश्नाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कनं थिसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली. अथेन्सचे लोक त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत राहिले आणि तत्त्वज्ञ वाद घालत बसले की जहाज तेच का. पण हा वाद समजून घ्यायला अथेन्सला जायची गरज नाही. आपल्याकडे तो रथावर झाला, मडक्यावर झाला आणि सोन्यावरही झाला. आणि जास्त बारकाईनं झाला.

रथाचा वाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि बौद्ध भिक्षू नागसेन समोरासमोर बसतात. राजा रथातून आला आहे. नागसेन विचारतो की रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. या सगळ्यांच्या पलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू आहे का? तीही नाही. निष्कर्ष असा की 'रथ' ही व्यवहारासाठी दिलेली हाक आहे, आणि माणसाचंही तसंच. शेडमध्ये सगळी जीप सुटी करून गोणपाटावर मांडलेली असते तेव्हा नागसेनाचं म्हणणं डोळ्यांनी दिसतं. नट इथे, बोल्ट तिथे, दांडे भिंतीला टेकवलेले, आणि मधे 'जीप' म्हणून बोट ठेवावं अशी एकही वस्तू नाही.

नैयायिकांना हे पटलं नाही. त्यांनी 'अवयवी' मानला. अवयवांत राहणारा, पण अवयवांहून वेगळा असा पूर्ण पदार्थ. नुसते सुटे भाग पाणी भरून आणत नाहीत, मडकं आणतं. नुसते पार्ट शेतावर जात नाहीत, जीप जाते. संध्याकाळी सगळं बसवून पहिली फायरिंग होते आणि शेड थरथरतं, त्या क्षणी न्यायशास्त्र खरं वाटतं.

मात्र या विषयात सगळ्यात उपयोगी ठरणारा वाद न्याय आणि वैशेषिक या दोन जवळच्याच दर्शनांमधला आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. कुंभाराचं कच्चं मडकं मातकट काळं असतं. आव्यात भाजून निघालं की लाल होतं. मग लाल मडकं तेच, की नवं? वैशेषिक म्हणतात, आगीत मूळ मडकं परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणू भाजले जातात, त्यांचा रंग पालटतो आणि त्यांच्यापासून नवं मडकं तयार होतं. याला पीलुपाक म्हणतात, कारण पीलू म्हणजे परमाणू. नैयायिकांचं म्हणणं वेगळं. मडकं जसंच्या तसं राहतं आणि उष्णता आत शिरून सगळ्या मडक्याचाच रंग बदलते. हा पिठरपाक. पिठर म्हणजे मडकं. नैयायिकांचा एक आक्षेप तर अगदी स्वयंपाकघरातला आहे. आव्यात ठेवलेलं मडकं क्षणभर जरी परमाणूंत सुटलं असतं तर त्याच्यावर रचलेली मडकी खाली कोसळली असती.

जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्यांत हेच दोन पंथ आहेत, जरी त्यांना ही नावं ठाऊक नसली तरी. पहिला पंथ गाडी शेवटच्या नटापर्यंत सोडवतो. चेसिसवरून बॉडी उचलतो, सँडब्लास्टिंग करून लोखंड उघडं पाडतो, लाप्पीचा कणही ठेवत नाही आणि कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या रूपात गाडी पुन्हा बांधतो. हा पीलुपाक. दुसरा पंथ गाडी चालती ठेवतो. ब्रेक बिघडले की ब्रेक, सेल्फ बिघडला की सेल्फ. गाडीचं काम कधी संपत नाही आणि गाडी कधी पूर्ण सुटतही नाही. वर रचलेली मडकी पडत नाहीत, कारण मधे घर चालू असतं. पोरांची शाळा, बियाण्याची पोती, रात्रीअपरात्रीचा दवाखाना. मुंबईच्या गाडीप्रदर्शनांत बक्षीस पहिल्याला मिळतं. वऱ्हाडातल्या शेडमध्ये बहुधा दुसराच सापडतो, कारण गाडी दोन वर्षं सुटी ठेवायला लागणारी जागा आणि पैसा सगळ्यांकडे नसतो. या लेखाचा कल दुसऱ्याकडे आहे, आणि त्याचं कारण केवळ पैसा नाही.

इंजिनाचं काम जवळून पाहिलं की ते कारण दिसतं. झिजलेला सिलिंडर 'मूळ' करता येत नाही. बोअर करणं म्हणजे अजून थोडं लोखंड खरवडून काढणं. आधी दहा थाऊ, मग वीस, मग तीस. मर्यादा संपली की आत स्लीव्ह बसवायची, आणि तेव्हा ज्या भिंतीवरून पिस्टन साठ वर्षं धावला ती भिंतच गेलेली असते. क्रँकचंही तेच, प्रत्येक ग्राइंडिंगला ती थोडी बारीक होते. दुरुस्तीनं वस्तू मागे जात नाही. ती पुढेच जाते, थोडी कमी होऊन, थोडी वेगळी होऊन. म्हणून 'गाडी पुन्हा पहिल्यासारखी केली' या वाक्यात एक चूक दडलेली आहे. गाडी पहिल्या दिवसासारखी दिसू शकते. पहिल्या दिवशी असू शकत नाही.

बदल करून घेणाऱ्यांचं काय? विलीजच्या सांगाड्यावर डिझेल इंजिन चढवणारे, पॉवर स्टेअरिंग लावणारे, रुंद टायर घालणारे, 'डुक्कर फियाट' म्हणून लाडानं ओळखल्या जाणाऱ्या जुन्या फियाटमध्ये एसी बसवणारे. जपणूकवाल्यांना हे पाप वाटतं. इथे समंतभद्र हा जैन आचार्य मदतीला येतो. त्याच्या 'आप्तमीमांसा'त एक दृष्टांत आहे. सोन्याचा घट मोडून सोन्याचा मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो रडला, ज्याला मुकुट हवा होता तो हसला आणि ज्याला सोनंच हवं होतं तो शांत राहिला. एकच घटना, आणि तिघांची तीन मनं खरी. जैन मतानं उत्पत्ती, नाश आणि टिकून राहणं हे तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी असतं. वऱ्हाडाला ही परंपरा परकी नाही. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडची जैन ग्रंथभांडारं प्रसिद्धच आहेत.

शेडमध्ये हा दृष्टांत जसाच्या तसा घडतो. डिझेल इंजिन बसलं त्या दिवशी बुढ्याचा जुना दोस्त तोंड फिरवून निघून जातो, कारण पेट्रोलच्या जीपचा तो मऊ आवाज आता पुन्हा ऐकू येणार नाही. कॉलेजातला पुतण्या नाचतो. आणि भंगारवाला सायकलवरून उतरून फक्त वजनाचा अंदाज घेतो. तो दृष्टांतातला तिसरा, शांत माणूस. त्याचं ज्ञान खोटं नाही. लोखंड तेवढंच आहे.

पण इथेच अडतं. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच शिकवतो की मातीचा एक गोळा कळला की मातीची सगळी भांडी कळतात, रूपं ही नुसती नावं, माती तेवढी खरी. ब्रह्माबद्दल हे मोठं सत्य असेल. बापाच्या जीपबद्दल ते पुरत नाही. पोराला लोखंड नको आहे. लोखंड भंगारात किलोवर मिळतं. त्याला ती जीप हवी आहे जिच्यात तो बापाच्या मांडीवर बसून पहिल्यांदा स्टेअरिंग धरायला शिकला. त्याचं प्रेम नावावर आणि रूपावरच आहे, आणि ते प्रेम अडाणी आहे असं कोणत्याही शास्त्रानं त्याच्या तोंडावर सांगू नये.

सरकारनं या प्रश्नाचं आपल्यापुरतं उत्तर काढलं आहे. कायद्याच्या लेखी गाडीचा आत्मा चेसिस क्रमांकात आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडकपणे लावलं. मग जुलै 2021 मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरू शकते. तिला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि नोंदणी 10 वर्षं चालते. पण ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढंच. म्हणजे मूळपणा सिद्ध करणाऱ्या जीपला जीप म्हणून जगायचं सोडावं लागतं. नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण शेतावर खत नेणारी जीप आणि काचेआड ठेवलेली जीप यांतली मूळ कोणती, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

क्रमांकावर श्रद्धा ठेवणं अगदीच निराधार नाही. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर सोहळा आठवावा. अलीकडचा 2015 मध्ये झाला, त्याआधीचा 1996 मध्ये. कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात, आणि रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेले सेवक जुन्या मूर्तीतला 'ब्रह्मपदार्थ' नव्या मूर्तीत ठेवतात. जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच भूमीत विसावा मिळतो. लाकूड सगळं नवं, देव तोच. तो पदार्थ काय आहे हे पाहायचं नसतं. तिथे सातत्य टिकतं ते पाहण्यानं नाही, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी, हातातून हातात. चेसिसच्या पट्टीवर ठोकलेल्या आकड्यांत असा हात नसतो. ते आकडे कापून दुसऱ्या सांगाड्यावर वेल्ड करता येतात, आणि जुन्या गाड्यांच्या व्यापारात ही फसवणूक जगभर होते.

मग कशात असतो तो हात? इंग्लंडमधल्या एका खटल्यात याचं चांगलं उत्तर आलं. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली. 1929 आणि 1930, अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली. नंतर तिच्यात इतके फेरफार झाले की 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती उतरली तेव्हा तिच्यात आठ लिटरचं वेगळं इंजिन होतं. त्याच शर्यतीत तिचा चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. गाडी पुन्हा बांधली गेली. 1990 मध्ये ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि घेणाऱ्यानं मागे फिरून सांगितलं की ही ती गाडीच नव्हे, तिच्यात 1929 चं जवळपास काही उरलेलं नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की गाडी अस्सल आहे. भाग बदलत गेले, पण ती मधे कधी नाहीशी झाली नाही, तिचा इतिहास अखंड आहे आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. ऑटन यांनी पिठरपाक मान्य केला, असं म्हणायला हरकत नसावी.

महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर पंढरपूरचं. मार्च ते जून 2024 या काळात विठ्ठल मंदिरात पदस्पर्श दर्शन बंद ठेवून जीर्णोद्धाराचं काम झालं. अलीकडच्या काळात बसवलेलं ग्रॅनाइट काढलं, रंगाचे थर उतरवले आणि आतला जुना काळा दगड पुन्हा उघडा केला. अनेक वारकऱ्यांच्या मनात जे देऊळ होतं ते त्या गुळगुळीत फरशीचंच होतं. त्यांच्या आजोबांचं मात्र उघड्या दगडाचं. दोघांच्या आठवणी खऱ्या. जीर्णोद्धार कुठल्या आठवणीपर्यंत मागे जाऊन थांबायचं, हे ठरवतो. जीप दुरुस्त करणाऱ्यालाही हे ठरवावं लागतं. कारखान्यातला दिवस, की बुढ्याच्या लग्नाची वरात, की त्यानं शेवटची चालवली तो दिवस?

बहुतेक जण न विचार करता पहिला दिवस निवडतात. तसं का व्हावं? त्या दिवशी गाडीला या घराची ओळखही नव्हती.

नांदगावच्या अमरावती जिल्ह्यानं या प्रश्नाचं आणखी एक उत्तर अंगावर वागवलेलं पाहिलं आहे. गाडगेबाबा 1876 मध्ये शेंडगावला जन्मले. हातात फुटकं गाडगं आणि अंगावर चिंध्यांचं ठिगळकाम, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्यांच्या अंगावरच्या वस्त्राचा मूळ तुकडा कोणता, हे कुणी सांगू शकलं नसतं. तुकडा विरला की दुसरा लागायचा, कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या धोतराचा. वस्त्र मात्र बाबांचंच. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, ते मोटारीतच गेले. गोधडी बाईच्या हातची असली तरी तिचं शास्त्र वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ठिगळ लपवायचं नसतं. वेगळ्या रंगाचंच लावायचं आणि टाके दिसू द्यायचे.

जुन्या गाडीच्या कामालाही हेच लागू व्हावं. भाग बदलणं हा अपराध नाही, डिझेल इंजिन चढवणं हाही नाही, फक्त आरटीओच्या पुस्तकात आणि घरच्या बोलण्यात ते उघड असावं. गुन्हा आहे तो ठिगळ लपवण्यात. दुसऱ्या गाडीचा क्रमांक ठोकण्यात, नव्या पत्र्याला खोटा गंज चढवून 'मूळ' म्हणून विकण्यात. तिथे वस्तू खोटी होत नाही, शब्द खोटा होतो. आणि गाडी 'तीच' राहते ती शब्दावर. लोखंड बदलतं, पण 'हे बुढ्याचीच जीप हाय' असं सांगणारा माणूस आणि ते खरं मानणारं गाव यांची साखळी तुटत नाही, तोवर ती जीप आहे.

इंग्रज तत्त्ववेत्ता थॉमस हॉब्ज यानं 1655 मध्ये या सगळ्यावर एक अवघड फाटा काढला. समजा, थिसियसच्या जहाजाच्या काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणीतरी जपून ठेवल्या आणि त्यांचं जहाज पुन्हा बांधलं, तर खरं जहाज कोणतं? पुस्तकात हा प्रश्न मजेचा वाटतो. नांदगावच्या त्या शेडमध्ये मात्र कोपऱ्यात खताची एक गोणी आहे. जुने पिस्टन, झिजलेले गिअर, फुटका डायनामो, गंजलेल्या पत्र्याचा एक तुकडा. पोरानं प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आहे, कोणत्या महिन्यात काढला आणि का. भंगारवाला दोनदा विचारून गेला. पुतण्याला ती गोणी शेडमधली अडगळ वाटते.

खंडेनवमीला जीप धुतली जाते, चाकाखाली लिंबू ठेवतात, बोनेटवर हळदकुंकू आणि झेंडूचं तोरण. डाव्या मडगार्डला एक पोचा आहे, बुढ्यानं कधीतरी बाभळीला घासलेला. डेंटिंगवाल्यानं तो काढायला हातोडी उचलली होती, पण पोरानं त्याला थांबवलं. पूजेला त्या पोच्यालाही कुंकू लागतं. आणि मग घरातली म्हातारी, न सांगता, दोन बोटं कुंकू घेऊन कोपऱ्यातल्या गोणीपाशी जाते.